मास्तराचा वाटा

त्या सालच्या फाल्गुनात लिंबगव्हाणातली सगळी खळी उठली, कडूबाईचं तेवढं राहिलं. ज्वारी मळून झाली होती, उफणून झाली होती, रास लागली होती, पण घरी न्यायचं नाव नाही. तिचा दीर आश्रुबा रोज राशीला राखण म्हणून खळ्यावर वाकळ टाकून झोपायचा आणि रोज सकाळी धुसफुसत घरी यायचा. आभाळात ढगाचा एवढासा तुकडा दिसला तरी त्याचा जीव खालीवर व्हायचा. वैनी, अवकाळी आला तर ज्वारी काळी पडंल, मग बसा मास्तराच्या नावानं बोटं मोडत, हे तो रोज ऐकवायचा आणि कडूबाई रोज त्याच्यापुढं न्याहारीची भाकरी सरकवायची.

अडलं होतं ते असं. रास घरी न्यायच्या आधी बलुतेदारांचं बलुतं काढायचं, ही गावची रीत. सालभर ज्यानं गावाचं काम केलं त्यानं खळ्यावर यावं, पासोडी पसरावी, आपला वाटा न्यावा. सुतार येऊन गेला, लोहार येऊन गेला, न्हावी, कुंभार सगळे येऊन गेले. गावचे जोशीबुवा तर सगळ्यांच्या आधी हजर. मागं राहिला एकच ढीग, राशीपासून जरा अलग, वर बोराटीची डहाळी खोचलेली. तो मास्तराचा वाटा, आणि मास्तर काही तो न्यायला येईना. बाकीच्यांनी त्याचा वाटा तसाच खळ्यावर सोडून आपापल्या राशी नेल्या, पण बलुत्याचा वाटा पडून असताना रास उचलायची नाही, आणि तो वाटा आपल्या घरात तर मुळीच न्यायचा नाही, नेला की कणगीची बरकत जाते, असं कडूबाईला तिच्या सासूनं सांगितलं होतं. सासू भलती खाष्ट होती, पण खोटं बोलणारी नव्हती.

आता हा मास्तर कोण, तर माधवराव. परभणीच्या एका वकिलाकडच्या कारकुनाचा मुलगा, हैदराबादेत कॉलेजात शिकायला गेलेला. तिथं वसतिगृहात प्रार्थनेवरून काहीतरी गडबड झाली, पोरांनी संप केला, आणि पुष्कळांबरोबर ह्याचंही नाव कॉलेजातून कमी झालं. नाव कमी झालेल्याला सरकारी नोकरी कोण देणार? घरी बसून होता. गावचे माणिकराव पाटील कोर्टाच्या कामाला परभणीस जात येत असत, त्यांनी त्याला हेरला आणि लिंबगव्हाणात घेऊन आले. गावात सरकारी शाळा होती ती चौथीपर्यंत. पुढं शिकायचं तर परभणी गाठायची, तिथं राहायचं, खायचं. ते कुणाला परवडतं? पाटलाच्या पोराला. बाकीची पोरं चौथी झाली की ढोरामागं. माधवरावानं पाटलाच्या गोठ्याशेजारची कडब्याची पडवी झाडून घेतली आणि पाचवी, सहावी, सातवीचे वर्ग सुरू केले. आजूबाजूच्या गावांतून पोरं चालत येऊ लागली. मिसरूड फुटलेली पोरं, लग्नं झालेले बाप्ये, सगळे मांडी घालून बसायचे. ह्या पडवीला सगळा मुलूख ‘कालेज’ म्हणायला लागला. चौथीच्या पुढचं जे काही ते कालेज, असा साधा हिशोब.

त्या कालेजात पोरींपैकी एकटी मनकर्णा होती, कडूबाईची लेक. बाप नसलेली. लहानपणीच पूर्णेला दिली होती, नवरा रेल्वेत खलाशी. त्यानं दुसरी बाई ठेवली आणि हिला माहेरी आणून टाकली. फारकत झाली. तेव्हापासून पोर चुलीपुढं बसून नुसती राखेत रेघा ओढायची, जेवायची नाही, बोलायची नाही. कडूबाईनं देव केले, अंगारे केले. शेवटी एक दिवस ती स्वतःच पोरीला हाताला धरून पडवीत घेऊन गेली आणि मास्तरला म्हणाली, हिला बसवा, नाहीतर हिचं डोकं फिरंल. गावानं नाकं मुरडली. कडूबाईनं गावाला एकच विचारलं, की माझी पोर सोडून दिली तेव्हा तुमची नाकं कुठं होती?

आणि पोर उघडली हो! दोन सालात मराठी, उर्दू, हिशोब, सगळं तिच्या हाताखाली आलं. आता ती सातवीत होती. वैशाखात परभणीला मिडलची परीक्षा. ती पास झाली की मुलींच्या शाळेत शिकवायची नोकरी मिळते, शिकवणाऱ्या बाईला तेव्हा उस्तानी म्हणत. मनकर्णा उस्तानी होणार. कडूबाई रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या हा शब्द नुसता तोंडात घोळवायची.

पण आश्रुबाचं म्हणणं वेगळं होतं. माणूस वाईट नव्हता, वैनीची शेती भावाच्या माघारी त्यानंच सांभाळली होती. त्याचं एवढंच, की पोरीच्या जातीचं आयुष्य असं पडवीत बसून जात नाही. पाथरीकडच्या एका घरातून मागणं आलं होतं, माणूस बिजवर, परभणीच्या कचेरीत चपराशी, घरचं बरं. पोरीचं दुसरं लग्न, मोहतूर, लावून टाकू, म्हणजे आपणही मोकळे नि तीही मोकळी. कडूबाईनं रडून, भांडून, उपाशी राहून त्याच्याकडून एवढंच कबूल करून घेतलं होतं, की परीक्षेपर्यंत थांबायचं. शाळा चालली तर परीक्षा. शाळा बसली तर पाडव्यानंतरचा पहिला मुहूर्त. आश्रुबा दिलेल्या शब्दाला पक्का होता, दोन्ही बाजूंनी.

म्हणून कडूबाईला सगळ्यात मोठी भीती कशाची, तर मास्तर एक दिवस निघून जाईल याची. तो काही घेत नव्हता ना! फी नाही, पगार नाही. शिधा परभणीहून बाप पाठवायचा, हा आपला हातानं भात शिजवून खायचा. गावानं पंचात ठरवलं की मास्तरला बलुतं बांधून द्यायचं, सुतार-लोहाराला देतो तसं. हा म्हणाला, मी विद्या विकायला आलेलो नाही. मागच्या साली कडूबाई त्याचा वाटा टोपल्यात घालून, डोक्यावर घेऊन, त्याच्या दारात गेली होती. त्यानं हात जोडले आणि टोपलं उंबऱ्याच्या आतही घेऊ दिलं नाही. लय वाईट वाटलं तिला. परत येऊन तिनं ते दाणे खळ्यावर ओतले, पाखरांनी खाल्ले.

विद्यादान, विद्यादान, म्हणायचा मास्तर. कडूबाईला ते पटत नसे. दान देणारा आज देतो, उद्या हात झाडून उठतो, त्याला कोण विचारणार? जो गावाचं घेतो तो गावाचा असतो. सुताराला गावानं बलुतं दिलं म्हणून पाभर मोडली की सुताराच्या दारात जाऊन हक्कानं ओरडता येतं. ह्या मास्तरवर कुणाचा काय हक्क? तो पाहुणाच राहिला. हे सगळं तिनं त्याला दहादा सांगितलं. तो हसायचा आणि वर्गात जायचा. शिकलेला माणूस एकदा हसायला लागला की त्याच्यापुढं बोलून उपयोग नसतो. म्हणून ह्या साली तिनंही हट्ट धरला. न्यायला तूच येशील, तोवर माझी रास उठत नाही.

हा झाला खळ्याचा प्रकार. आता दुसरा प्रकार, आणि तो कडूबाईच्या जिभेचा.

माघात परभणीला तुरत पीराचा उरूस भरतो. हिंदू काय, मुसलमान काय, सगळा मुलूख लोटतो तिथं. कडूबाईचा नवस होता मनकर्णेच्या नावानं, ती गाडीत बसून गेली, पीराच्या कबरीवर गलफाची चादर चढवली, साखर वाटली आणि बांगड्यांच्या दुकानापाशी नेमकी त्या चपराशाची बहीण भेटली. चार बायका भोवती. ती बाई गोड गोड बोलता बोलता म्हणाली, किती दिवस ठेवता पोरीला घरात, फारकतीची पोर म्हणजे उघडं पिठाचं डबडं, झाकलेलं बरं. कडूबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिथल्या तिथं, सगळ्या उरुसाला ऐकू जाईल अशा आवाजात तिनं सांगितलं, “माझी लेक घरात न्हाई बसलेली. कालेजात हाय. लिंबगव्हाणच्या कालेजात.”

त्या बाईचं तोंड बघण्यासारखं झालं. कडूबाई त्या समाधानात गावापर्यंत गाडीत गाणी म्हणत आली.

पण बोललेली गोष्ट कुठं थांबते? बहिणीनं भावाला सांगितलं. आणि भाऊ, तो चपराशी, इतका खूश झाला की कचेरीत ज्याला त्याला सांगत सुटला, आमचं जमतंय ते स्थळ कालेजात शिकतंय! त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं बिचाऱ्याच्या, मिरवायची हौस. पण ते तालीमखात्याच्या, म्हणजे शिक्षणखात्याच्या, साहेबांच्या कानावर गेलं. लिंबगव्हाणात कॉलेज? तिथं तर आपली चौथीपर्यंतची शाळा. कॉलेज काढलं कुणी, इजाजत दिली कुणी? निजामाच्या राज्यात परवानगीशिवाय खानगी शाळा काढायची नाही असा कायदा होता, आणि माधवरावाचा अर्ज तर गेल्या साली गेलेला कुठल्या तरी कपाटात झोपला होता. वर मास्तराचं नाव निघालं, ते हैदराबादेत कमी झालेलं. झालं!

साहेब तपासणीला येणार, ही बातमी माणिकराव पाटलांनी परभणीहून आणली आणि ती कशी फुटली तेही आणलं. चपराशी, बहीण, उरूस, बांगड्यांचं दुकान. पाटील सांगत होते आणि कडूबाई ऐकत होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पोरीच्या शाळेवर हिनंच धोंडा घातला. ती तडक पडवीत गेली, वर्ग सुटेपर्यंत दाराशी उभी राहिली आणि मास्तरला सगळं सांगून टाकलं. त्यानं रागवावं असं तिला वाटत होतं. तो रागावला नाही. म्हणाला, कडूबाई, तुम्ही बोलला नसता तर दुसरं कुणी बोललं असतं. शाळा लपवून ठेवायची वस्तू नाही. मी साहेबांना खरं ते सांगेन, मी इथं कुणाकडून काही घेत नाही, यात गुन्हा काय?

हे ऐकून कडूबाईला धीर यायला हवा होता. तो आला नाही. तिच्या मागोमाग आलेल्या माणिकराव पाटलांचा चेहराही उतरला होता. कोर्टकचेरीचा माणूस तो. मास्तर गेल्यावर ते हळूच म्हणाले, की हाच तर घोटाळा आहे. नाव कमी झालेला शिकलेला जवान पोरगा, खेड्यात येऊन राहतो, फुकट शिकवतो. सरकार विचारणार, ह्याला पोसतंय कोण? परभणीहून पोतं येतं ते कुणाचं? बापाचं म्हटलं तर कोण मानणार? फुकट काम करणारा माणूस सरकारला चोरापेक्षा वाईट वाटतो. चोराला काय हवंय ते निदान कळतं.

साहेब आले ते पिंगळी स्टेशनवरून टांग्यानं. पिकलेली दाढी, काळी शेरवानी, धुळीनं पांढरी झालेली. बरोबर पोलिसाचा एक जवान. पाटलांनी पडवीत खुर्ची टाकली, ताक दिलं. गाव कुडाबाहेर जमलं, बायका लांब लिंबाखाली. साहेब माणूस शांत होते, मराठी समजत होतं त्यांना, बोलतही होते मोडकंतोडकं. त्यांनी पोरांना हिशोब घातले, उर्दूचा धडा वाचायला लावला. मग म्हणाले, “ते कॉलेजवाली लडकी कोण?”

लोक हसले. मनकर्णा उभी राहिली. तिनं न अडखळता उर्दूचं पान वाचलं. साहेबांनी विचारलं, शिकून काय करणार? ती म्हणाली, उस्तानी होणार. साहेबांनी मान हलवली, मुलींच्या शाळा आहेत पण उस्तानी मिळत नाहीत, असं काहीसं स्वतःशी पुटपुटले. लिंबाखाली कडूबाईच्या डोळ्यांना धार लागली. तिला वाटलं, झालं, जमलं.

मग साहेबांनी मास्तरला पुढं बोलावलं. फी किती घेता? माधवराव म्हणाला, घेत नाही. पगार कोण देतं? कुणी नाही. खाता काय? घरून येतं. कुठली अंजुमन पाठवते का, कुठला समाज, कुठली सभा? नाही. मग का शिकवता? माधवराव ताठ उभा होता, म्हणाला, विद्यादान म्हणून. त्यात त्याला मोठा अभिमान, तो आवाजातही होता. आणि प्रत्येक ‘नाही’बरोबर साहेबांचा चेहरा बंद होत चालला. जवानानं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली, आता मुक्काम पडणार असं समजून. साहेब उर्दूत म्हणाले, फुकट कुणी काही करत नाही मास्तरसाहेब, मला वर जबाब द्यावा लागतो. आज मी हे वर्ग बंद करतो, तुम्ही उद्या परभणीला माझ्या बरोबर चला.

कडूबाई उठली. डोक्यावरचा पदर पुढं ओढून बायकांतून निघाली, बाप्यांतून वाट काढली आणि पडवीच्या दारात येऊन उभी राहिली. असं बाप्यांच्या बैठकीत बोलायची तिची आयुष्यातली पहिलीच वेळ.

“साहेब,” ती म्हणाली, “मास्तर खोटं बोलायलेत.”

माधवरावाचं तोंड उतरलं, कडूबाईच्या तोंडून हे त्यानं कधी कल्पिलं नव्हतं. पाटील उठायला लागले, साहेबांनी त्यांना हातानं बसवलं.

“त्यांचा वाटा हाय गावात,” कडूबाई म्हणाली. “सुताराचा तसा त्यांचा. माज्या खळ्यावर हाय. चला, दावते.”

निघाली सगळी मिरवणूक. पुढं कडूबाई, मागं साहेब, मग जवान, मग मास्तर, मग अख्खं गाव. उन्हं कलली होती. खळ्यावर आश्रुबा एकटा. त्याला काही म्हणजे काही माहीत नाही. तो बिचारा राशीला टेकून पानाला चुना लावत होता आणि एवढी माणसं येताना बघून उभा राहिला. साहेबांनी रास बघितली, मग बाजूचा ढीग बघितला, वरची वाळून गेलेली डहाळी बघितली. कडूबाईला त्यांनी हातानंच थांबवलं, तू बोलू नको. आणि आश्रुबाला विचारलं, हे कुणाचं?

दीर शाळेच्या विरुद्ध. दिराला मोहतूर उरकायचं आहे. एक शब्द इकडचा तिकडं झाला की संपलं.

आश्रुबा आधीच चिडलेला. त्याला वाटलं, साहेब तक्रार ऐकायलाच आलेत. “मास्तरचं हाय साहेब, आनखी कोनाचं?” तो म्हणाला. “आन् त्याच्यापायी आमची सारी रास अडून बसलीय. समद्यांनी आपलं बलुतं नेलं, ह्योच येईना. गेल्या साली बी तसंच. पाखरानं खाल्लं. तुमी तरी सांगा त्याला, एकदाचं न्हे म्हनावं. म्हंजी आमी सुटलो.”

साहेब त्याच्याकडं बघत राहिले. मग दाढीवरून हात फिरवत हसायला लागले. असं बोलणं कुणी शिकवून बोलत नाही, हे त्यांना कळत होतं. पढवलेला साक्षीदार गोड बोलतो, आश्रुबा तर भांडत होता. त्यांनी दुसऱ्या दोघांना विचारलं, तुमच्या खळ्यावर मास्तरचा वाटा होता का? होता. नेला? नाही नेला. का नाही नेला? आता ते मास्तरला विचारा, असं सगळ्यांचं उत्तर.

साहेब माधवरावाकडं वळले. मराठीतच म्हणाले, “हे तुमचं आहे का?”

माधवराव ढिगाकडं बघत उभा होता. कडूबाईला त्याच्या तोंडावर सगळं दिसत होतं. हो म्हटलं की विद्यादान गेलं. एवढी तीन सालं उराशी धरलेली गोष्ट, हैदराबादेत शिकून आलेल्या माणसाची, आणि ती न्हाव्या-सुताराच्या ओळीत उभं राहून सोडायची, तीही साहेबाच्या समोर, पोरांच्या समोर. पोरं सगळी तिथंच होती. मनकर्णा पण होती, पदराचं टोक दातांत धरून. कडूबाई मनात म्हणत होती, घे रे बाबा. घे. तुज्या पाया पडते, पर घे.

त्यानं खांद्यावरचं उपरणं काढलं, झटकलं आणि ढिगापाशी जमिनीवर पसरलं. मग स्वतः त्याच्यापुढं उकिडवा बसला, बलुतेदार बसतो तसा.

“माझं आहे,” तो म्हणाला. “न्यायचं राहिलं होतं.”

कडूबाईनं डहाळी काढून बाजूला ठेवली, आणि दोन्ही हातांनी ज्वारी उपरण्यात भरायला लागली. घाईत निम्मी बाहेर सांडत होती. आश्रुबानं ते बघितलं, तो पुढं झाला आणि टोपल्यानं ओतायला लागला, पुटपुटत, की एवढ्याशा फडक्यात काय मावतंय, बलुतं न्यायला आलं म्हंजी घोंगडं आणावं माणसानं.

साहेबांनी पाटलांच्या पाठीवर दप्तर ठेवून उभ्या उभ्याच चार ओळी लिहिल्या आणि वाचूनही दाखवल्या. इथं मदरसा नाही, फी नाही, बाहेरचा पैसा नाही. गावानं आपल्या रिवाजाप्रमाणं एक माणूस बलुत्यावर ठेवला आहे, तो पोरांना लिहायला वाचायला शिकवतो. बलुत्याचा मामला गावाचा आणि महसुलाचा, तालीमखात्याचा नाही. मग मास्तरला बाजूला घेऊन त्यांनी सांगितलं, की सातवीच्या पोरांची नावं खानगी उमेदवार म्हणून पाठवा, मी बसवून घेतो. त्या लडकीचं नाव पहिलं घाला. टांग्यात चढताना ते कडूबाईला म्हणाले, बाई, काम चालू राहू दे, फक्त उरुसात ओरडू नको. कडूबाईनं दोन्ही कान पकडले.

टांगा गेला. धूळ बसली. आणि मग कडूबाईचा जीव भांड्यात पडला तो असा, की ती खळ्याच्या मेढीच्या खांबाला धरून खालीच बसली. हसावं का रडावं कळेना, दोन्ही एकदम येत होतं. बायका म्हणाल्या, अगं पाणी द्या तिला. मनकर्णा धावत आली, आईच्या गळ्यात पडली. कडूबाईनं तिच्या पाठीत एक धपका घातला आणि म्हणाली, इथं काय करायलीस, जा, अभ्यासाला बस.

आश्रुबा घसा खाकरत जवळ आला. वैनीकडं बघेना, राशीकडं बघत बोलला, की त्या चपराशाकडं उद्या निरोप धाडतो. काय निरोप, असं कडूबाईनं विचारलं. तो म्हणाला, पोरीचं नाव परीक्षेला साहेबांनी पहिलं घातलंय, त्याला म्हनावं दुसरीकडं बघ. आमची पोरगी आता नोकरीवाली होनार, आमाला घाई न्हाई. आणि मग स्वतःचंच बोलणं ऐकून लाजल्यासारखा तो पायली शोधायला लागला, जी त्याच्या पायाशीच होती.

माधवरावानं गाठोडं बांधलं होतं. दोघांनी हात दिला, ते त्यानं डोक्यावर घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा ओझं डोक्यावर घेतलेला माणूस जसा चालतो तसा तो चालत होता, मान आखडून, एक हात वर. उपरण्याच्या कोपऱ्यातून दाणे गळत होते. पोरं मागून वेचत चालली होती. निम्मा वाटा अजून खळ्यावरच होता, त्याला दुसरी खेप करावी लागणार होती. बांधापाशी जाऊन तो थांबला. मान वळवता येईना म्हणून सगळाच वळला.

“कडूबाई,” तो म्हणाला, “पुढच्या साली मोठी पासोडी आणीन.”

पुढच्या साली, असं तो म्हणाला होता. पुढच्या साली तो इथं असणार होता, आणि पासोडी आणणार होता. तिनं पदरात तोंड घातलं आणि मोकळी होईपर्यंत रडली.

मग डोळे पुसून ती उठली, राशीला हळदकुंकू वाहिलं आणि आश्रुबाला म्हणाली, भरा आता भाऊजी. आश्रुबानं पायली राशीत खुपसली, काठोकाठ भरली, आणि पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, तसा तो मोठ्यानं म्हणाला, लाभ.